अहवाल हातात दिल्यानंतर



पूर्व विदर्भातली एक गोष्ट बाहेरून आलेल्या डॉक्टरांना चकित करते. इथे चौथीनंतर शाळा सुटलेला धानाचा शेतकरी दवाखान्यात येतो आणि सांगतो, "माझा एएस पॅटर्न आहे, बायकोचाही एएसच निघाला. मोठ्या पोराचा एसएस आहे." स्वतःचा रक्तगट त्याला ठाऊक नसतो, पण पॅटर्न ठाऊक असतो. एएस म्हणजे सिकलसेलच्या एस जनुकाची एकच प्रत असलेला वाहक, एसएस म्हणजे दोन प्रती असलेला रुग्ण. आपल्या जनुकांची जोडी अशी दोन अक्षरांत सांगणारी माणसे जगात फार थोड्या ठिकाणी भेटतील. हे ज्ञान गावोगाव पोचवणारे बरेच जण आज या सभागृहात बसलेले आहेत आणि त्यांचे श्रेय मोठे आहे.

मला आज त्यापुढचे बोलायचे आहे. ही दोन अक्षरे हातात पडल्यावर त्या माणसाच्या औषधपाण्यात काय बदलते? माझे म्हणणे सरळ आहे. सिकलसेलची जनुकीय माहिती आपण लग्नाच्या बोलणीपर्यंत चटकन पोचवली आणि आजारी माणसाच्या उशापर्यंत फार सावकाश. हा क्रम उलटा व्हायला हवा.

ज्या डॉक्टरांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी या व्याख्यानमालेला जमतो, त्यांनी तालुक्याच्या गावी दवाखाना थाटला तेव्हा इथे ही चाचणी होत नव्हती. सांधे सुजलेले, डोळे पिवळे, वयाच्या मानाने खुरटलेले लेकरू आले की कधी संधिवात, कधी कावीळ, कधी नुसतीच अशक्तपणाची नोंद व्हायची. आजाराला नाव नसेल तर त्यावरची काळजीही धड घेता येत नाही, हे त्यांनी जवळून पाहिले होते. म्हणून आधी या नावाचा इतिहास थोडक्यात सांगतो.

१९०४ साली ग्रेनाडा बेटावरचा वॉल्टर नोएल नावाचा तरुण दंतवैद्यक शिकायला शिकागोत आला. तो आजारी पडला तेव्हा त्याच्या रक्तात कोयत्यासारख्या वाकलेल्या लाल पेशी दिसल्या. १९१० साली डॉ. जेम्स हेरिक यांनी त्यावर लेख लिहिला. लेखात पेशींची छायाचित्रे आहेत, रुग्णाचे नाव नाही. नोएल शिकून मायदेशी परतला, तिथे दंतवैद्य म्हणून काम केले आणि १९१६ साली ऐन बत्तिशीत फुप्फुसाच्या आजाराने गेला. पेशींचा अभ्यास मात्र पुढे सरकत राहिला. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. एखादा आजार थेट एका रेणूपर्यंत नेऊन भिडवण्याची ती पहिली वेळ. १९५६ साली व्हर्नन इनग्रामने नेमकी जागा शोधली. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. फरक एवढाच. त्यामुळे प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांच्या कांड्या बनतात, पेशी ताठरते, वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. जिथे अडकते तिथे कळ उठते.

भारतात १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये आणि त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांमध्ये या पेशींची नोंद झाली. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतावरचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला आणि नागपूर या नकाशावर आले. पुढे पुण्याच्या डॉ. एस. एल. काटे यांनी महाराष्ट्रभर हिंडून नमुने तपासले. भिल्ल, पावरा, माडिया, परधान, ओतकर या समाजांत एस जनुक असणाऱ्यांचे प्रमाण वीस ते पस्तीस टक्क्यांपर्यंत असल्याचे त्यांच्या कामातून दिसले. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ आणि नंदुरबार हे जिल्हे ठळकपणे पुढे आले.

या नोंदींची एक सावलीही पडली. प्रत्येक लेखात आजारापुढे जातीचे किंवा जमातीचे नाव यायचे. संशोधकांना ते आवश्यक वाटत होते, पण गावात त्याचा अर्थ 'हा त्यांचा आजार' असा झाला. एखाद्या कुणबी किंवा तेली घरात एसएस लेकरू निघाले की घरचे आजही अहवाल चुकला असे म्हणतात. म्हणून मी कुठल्याही गावात मलेरियापासून सुरुवात करतो. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवून दिले की एस जनुकाची एकच प्रत असलेल्या माणसाला फाल्सिपेरम मलेरियापासून संरक्षण मिळते. ज्या जंगलांत पिढ्यानपिढ्या मलेरियाने लेकरे दगावत होती, तिथे हे जनुक असणारी लेकरे जास्त जगली. त्यांची नातवंडे-पतवंडे म्हणजे आजचे वाहक. यात कुणाचे पाप नाही, कुणाच्या रक्ताला बट्टा नाही. मात्र एक इशारा त्याच दमात द्यावा लागतो: हे संरक्षण एएस असणाऱ्याला आहे. एसएस लेकराला मलेरिया झाला तर ते फार लवकर ढासळते. त्याला मच्छरदाणी इतरांपेक्षा जास्त गरजेची आहे.

याच जंगलांचा दुसराही एक वारसा आहे, जी-सिक्स-पीडी या विकराच्या कमतरतेचा. तोही मलेरियाशीच जोडलेला आणि तोही जनुकीय. व्हायवॅक्स मलेरियात प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस दिल्या जातात. हा विकर कमी असलेल्या माणसात त्या गोळ्यांनी लाल पेशी फुटतात, लघवी चहासारखी गडद होते, डोळे पिवळे पडतात. गोळी चालू असताना लघवी काळपट झाली तर गोळी थांबवा आणि दवाखान्यात या, हे एक वाक्य गोळीच्या पाकिटासोबत गेले पाहिजे. जनुकशास्त्र रुग्णसेवेत येते ते असे.

आता चाचणीकडे जवळून पाहू, कारण इथेच बहुतेक गैरसमज जन्माला येतात. उपकेंद्रावर होते ती विद्राव्यता चाचणी. लहान नळीत एक रसायन घेतात, त्यात रक्ताचा थेंब टाकतात, थोडा वेळ थांबतात आणि नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर एस नाही. द्रव गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर एस आहे. ही स्वस्त चाचणी कुठेही करता येते, आणि तिच्याशिवाय इतक्या लोकांची तपासणी झालीच नसती. पण ती इतकेच सांगते की एस आहे. एक प्रत आहे की दोन, म्हणजे समोरचा माणूस ठणठणीत वाहक आहे की रुग्ण, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. नमुना जिल्ह्याला जातो, आलेख निघतो, अहवाल परत येतो. तो परत येईपर्यंत त्या माणसाच्या डोक्यात काय चालते, याचा विचार फार कमी वेळा होतो. एक मुलगी माझ्याकडे आली होती. पहिल्या चाचणीनंतर तिला 'तुला सिकल आहे' एवढेच कुणीतरी सांगितले. दुसरा अहवाल तिच्यापर्यंत पोचलाच नाही. तिने धावणे सोडले, शेतात जाणे सोडले, आईने तिच्या वाट्याची कामे धाकटीवर टाकली. तिचा पॅटर्न एएस होता. तिला कुठलाही आजार नव्हता. धडधाकट मुलगी अर्ध्या माहितीने आजारी झाली.

नवजात बाळांच्या बाबतीत तर विद्राव्यता चाचणी कामाचीच नाही. बाळाच्या अंगात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन भरपूर असते. एस हिमोग्लोबिन वाढायला काही महिने जातात. तोवर रेघा दिसतच राहतात आणि बाळ 'निरोगी' म्हणून घरी जाते. सहा-आठ महिन्यांचे झाले की एक दिवस हातापायाची बोटे सुजून टरारतात, लेकरू हात लावू देत नाही, रात्रभर रडते. कुणी म्हणते मुरगळले, कुणी म्हणते दृष्ट लागली. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर एचपीएलसी केली असती, तर हे सारे जन्मानंतर लगेच समजले असते.

आधी समजून काय फायदा, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. जनुक तर बदलत नाही! या प्रश्नाला जमैकाने फार चांगले उत्तर दिले आहे. १९७३ साली किंग्स्टनमधल्या व्हिक्टोरिया ज्युबिली प्रसूतिगृहात जन्मणाऱ्या बाळांची सिकलसेलसाठी तपासणी सुरू झाली. १९८१ पर्यंत एक लाख बाळे तपासली गेली आणि त्यातली आजारी बाळे डॉ. ग्रॅहम सर्जंट यांच्या पथकाने वर्षानुवर्षे सांभाळली. त्यांना दिसले की लहानपणी ही लेकरे दोन गोष्टींनी जास्त दगावतात. एक म्हणजे जंतुसंसर्ग. दुसरी म्हणजे प्लीहा, जिला आपल्याकडची जुनी माणसे पानथरी म्हणतात. तिच्यात अचानक रक्त कोंडून बसते, काही तासांत ती फुगते, लेकरू पांढरेफटक पडते आणि दवाखाना गाठेपर्यंत संपते. सर्जंट यांच्या पथकाने आयांना पानथरी चाचपायला शिकवले. डाव्या बरगडीखाली बोटे ठेवायची, लेकराला श्वास घेऊ द्यायचा, बोटांना कडा लागते का बघायचे. रोज. कालच्यापेक्षा आज मोठी लागली आणि लेकरू फिकट दिसले, की तडक निघायचे. एवढ्याने या प्रकारातल्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे दहाव्या हिश्शावर आले.

यात नवे यंत्र नव्हते, नवे औषधही नव्हते. नुसती चाचणीही पुरली नसती, आणि चाचणीवाचून कुठल्या आईला शिकवायचे हे समजले नसते. जनुकीय निदान आणि आईचे हात यांची सांगड पडली तेव्हा लेकरे जगली. संसर्गाचेही तसेच. १९८६ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात सिकलसेलच्या लहान मुलांना रोज दोन वेळा तोंडाने पेनिसिलिन दिले, तेव्हा न्यूमोकोकस जंतूचे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटले. ते औषध तेव्हाही जुने होते. ते कुणाला द्यायचे हे मात्र जन्मताच ठाऊक असावे लागते.

आता आपल्याकडच्या डॉक्टरांच्या समजुतीबद्दल बोलतो. आमच्या पिढीने पुस्तकात वाचले की भारतातला सिकलसेल सौम्य असतो. त्याला आधार होता. ओडिशात आणि गुजरातमध्ये आढळणाऱ्या जनुकाच्या आसपासची रचना अशी आहे की मोठेपणीही गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन बऱ्यापैकी टिकून राहते, आणि ते एसचे रेणू चिकटू देत नाही. पण 'सौम्य' हा शब्द सर्वांना एकच लावला गेला. कळ आली म्हणून तळमळणाऱ्या पोराला 'इतकं दुखत नसतं' असे ऐकावे लागले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी जन्मापासून बाळांचा पाठपुरावा केला, तेव्हा दिसले की मध्य भारतातली बरीच मुले गंभीर आजारी असतात: वारंवार कळा, वारंवार रक्त लावणे, लहानपणीचे मृत्यू. आजार किती तीव्र आहे हे रुग्ण सांगत होते. पुस्तकाला ते नंतर समजले.

याच महाविद्यालयातून एक अतिशय उपयोगी गोष्ट आली. हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवते. अमेरिकेत १९९८ साली त्याला प्रौढ सिकलसेल रुग्णांसाठी मान्यता मिळाली. तिथे मात्रा हळूहळू वाढवत नेतात आणि त्यासाठी वारंवार रक्त तपासतात. गडचिरोलीतल्या धानोरा किंवा भामरागडच्या माणसाला ते कसे जमावे? नागपूरच्या पथकाने मुलांवर कमी आणि ठरलेल्या मात्रेचा, किलोमागे दिवसाला दहा मिलिग्रॅमचा, प्रयोग केला. कळा घटल्या, रक्त लावण्याची गरज घटली. परदेशातली उपचारपद्धती जशीच्या तशी न उचलता इथल्या अंतरांचा आणि इथल्या हिमोग्लोबिनचा विचार करून ती बसवली गेली, म्हणून या कामाचे मोल मला फार वाटते.

तरीही हे औषध नियमित घेणारे कमी भेटतात. एक कारण म्हणजे औषधांच्या दुकानात कुणीतरी सांगते, "ही तर कॅन्सरची कॅप्सूल आहे." ते खोटे नाही, ती रक्ताच्या कॅन्सरमध्येही वापरतात. पण एवढेच ऐकून घरी गेलेली आई कॅप्सूल फडताळात ठेवून देते. दुसरे कारण, कळ नसताना औषध का घ्यायचे हे नीट समजावलेले नसते. तिसरे, प्राथमिक आरोग्य केंद्रातला साठा संपतो आणि महिना-दोन महिने खंड पडतो. मूल हवे असेल तेव्हा, पुरुषांनी आणि बायांनीही, हे औषध डॉक्टरांना विचारून थांबवायचे असते. तेही सांगायचे राहून जाते.

शाळेबद्दल बोलल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही. त्यामुळे या मुलांना वारंवार लघवीला जावे लागते, शरीरातले पाणी लवकर कमी होते, आणि पाणी कमी झाले की पेशी वाकतात आणि कळ उठते. म्हणजे या मुलाने सतत पाणी प्यायला हवे आणि सतत बाहेरही जायला हवे. वर्गात मात्र दर तासाला हात वर करणारा मुलगा टवाळखोर ठरतो. आश्रमशाळेत रात्री अंथरूण ओले करणारी मोठी मुलगी शिक्षा खाते. मुले त्यावर आपली युक्ती काढतात: पाणी पिणेच बंद करतात. मग दुपारी पाय धरून बसतात. एसएस पॅटर्नचे कार्ड शाळेच्या कपाटात असते आणि पाण्याची बाटली जवळ ठेवायची परवानगी नसते. मुख्याध्यापकांना दहा मिनिटे समजावून सांगितले तर हे थांबते. मी हे सांगत आलो आहे आणि बहुतेक शिक्षक मनापासून ऐकतात. पावसाळ्यातल्या रोवणीचेही तसेच. दिवसभर थंड पाण्यात वाकून उभे राहणे हे एसएस बाईला कळ आणणारे काम आहे. तिला बांधावरचे काम देणे हा औषधाइतकाच उपचार आहे.

आता लग्नाचा विषय. एएस आणि एएस यांच्या पोटी प्रत्येक खेपेला पंचवीस टक्के शक्यता एसएस बाळाची असते. इथला 'प्रत्येक खेपेला' हा भाग समजावणे सर्वांत अवघड. एका वडिलांनी मला विचारले होते, "एक तर झालं आजारी, आता पुढचे तिघं बरे निघतील ना?" चारांत एक, हे त्यांनी अगदी सरळ हिशेबाने ऐकले होते. प्रत्येक गरोदरपणात नाणी नव्याने फेकली जातात, आधी काय पडले याची त्यांना आठवण नसते, असे मी त्यांना सांगितले. दुसरा गैरसमज सुनेच्या वाट्याला येतो. आजारी लेकरू झाले की तिच्या माहेरचे रक्त वाईट ठरते. एसएस लेकरात एक एस आईकडून आणि एक एस बापाकडून आलेला असतो. एकट्या आईकडून तो आजार येऊच शकत नाही. हे सासूसमोर, तिच्या मुलाला शेजारी बसवून सांगावे लागते. सुनेला एकटीला सांगून उपयोग नाही.

वाहकांची माहिती समाजात कशी वागते याचे दोन धडे जगात आहेत. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या काही राज्यांनी कृष्णवर्णीयांची सिकल तपासणी सक्तीची केली. समुपदेशनाची सोय नव्हती. वाहकाला रुग्ण समजले गेले, काहींना विमा नाकारला, काहींना नोकरी. हवाई दलाच्या प्रबोधिनीचे दार वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते. १९७२च्या कायद्याला तपासणी ऐच्छिक असावी असे म्हणावे लागले. दुसरा धडा सायप्रसचा. तिथे थॅलेसेमियाचे प्रमाण फार. १९८० नंतर चर्चने लग्नाआधी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली. दोघेही वाहक निघालेल्या बहुतेक जोडप्यांनी लग्न मोडले नाही. त्यांना गर्भतपासणीची सोय, समुपदेशन आणि आजारी मुलांसाठी चांगले उपचार, हे सगळे जवळ मिळत होते. आपल्याकडे यातला कार्ड देण्याचा भाग झाला. कार्ड दाखवून स्थळ मोडले जाते, आणि ते मुलीचे असेल तर दुसऱ्यांदा येत नाही.

गर्भतपासणी आपल्याकडेही कायदेशीर आहे. लिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या १९९४च्या कायद्यातच हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी गर्भाच्या तपासणीची मुभा आहे. वारेचा नमुना साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास घेतात. आता गावातले वेळापत्रक बघा. बाई नोंदणीला येते तिसऱ्या महिन्यात. तिची पहिली चाचणी, मग एचपीएलसी, मग नवऱ्याची चाचणी. नवरा मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. तो येतो तेव्हा पाचवा महिना चालू असतो. ज्या निर्णयाला दोघांना महिनाभर विचार करायला मिळायला हवा, तो चार दिवसांत घ्यावा लागतो किंवा घेताच येत नाही. निर्णय कुठला घ्यावा हे डॉक्टरने सांगू नये, असे माझे ठाम मत आहे. पण विचार करायला वेळ मिळेल अशी व्यवस्था करणे ही आमचीच जबाबदारी आहे. लग्न झाल्याबरोबर, गरोदरपणाची वाट न पाहता, दोघांची तपासणी व्हावी.

आता तपासणीच्या मोहिमांबद्दल. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत कामाला सुरुवात केली तेव्हा सिकलसेलचा शास्त्रीय अभ्यास केला होता. निष्कर्ष महत्त्वाचे होते, पण लोकांना त्यात रस वाटेना. लोकांची गरज विचारल्याशिवाय केलेले संशोधन लोकांवरचे असते, लोकांसाठीचे नसते, हे डॉ. अभय बंग यांनी स्वतःच पुढे अनेकदा सांगितले आहे. मी ते वारंवार आठवतो, कारण तपासणीच्या मोहिमांत हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे लक्ष्य. इतका पैसा आणि इतके लक्ष या आजाराकडे आजवर कधीच आले नव्हते. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण तपासलेल्यांची संख्या दर आठवड्याला वर कळवली जाते. कॅप्सूल किती जणांना सलग वर्षभर मिळाली, किती लेकरांना पेनिसिलिन चालू आहे, किती आयांना पानथरी चाचपता येते, हे आकडे कोण मागते? ते मागितले गेले तर तालुक्याचे काम आपोआप त्या दिशेला वळेल.

रुग्णांनी स्वतः मागायला सुरुवात केली तेव्हा काय घडते, याचे उदाहरण नागपुरातच आहे. संपत रामटेके यांनी इथे सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली, रुग्णांना आणि पालकांना एकत्र आणले, सरकारदरबारी चिकाटीने पाठपुरावा केला. २०१८ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला तो रुग्णांच्या आणि पालकांच्या अशा रेट्यामुळे. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या पोराला 'तुला काय झालंय?' असे विचारणाऱ्या कार्यालयात आज तो कायद्याचा आधार दाखवू शकतो.

शेवटी जनुक दुरुस्तीबद्दल, कारण विद्यार्थी त्याची वाट पाहत असतील. १९४८ साली ब्रुकलिनच्या डॉ. जॅनेट वॉटसन यांच्या लक्षात आले होते की या आजाराच्या बाळांना पहिले काही महिने त्रास होत नाही, आणि त्यांनी त्याचा संबंध गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनशी जोडला. हायड्रॉक्सियुरिया त्याच वाटेने जाते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटनने आणि मग अमेरिकेने क्रिस्पर तंत्रावर आधारलेल्या ज्या पहिल्या उपचाराला मान्यता दिली, तोही त्याच वाटेचा. रुग्णाच्या मूळ पेशी बाहेर काढतात, गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन बंद करणारे बटण त्यांच्यात निकामी करतात, रुग्णाला जड केमोथेरपी देऊन त्या पेशी परत सोडतात. अमेरिकेतली किंमत बावीस लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने अठरा कोटी रुपयांच्या घरात. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेतले शास्त्रज्ञ भारतीय क्रिस्पर पद्धतीवर काम करत आहेत, तिला बिरसा मुंडांचे नाव दिले आहे आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट त्यात सहभागी आहे. ती स्वस्त व्हावी आणि लवकर यावी, असे मला फार वाटते. पण ती घेण्यासाठी रुग्ण तोपर्यंत जिवंत आणि धड असावा लागेल: मूत्रपिंड शाबूत, मेंदूत झटका न आलेला. आज दोन वर्षांचे असलेले एसएस लेकरू त्या दिवसापर्यंत पोचेल ते पेनिसिलिनवर, कॅप्सूलवर, वेळेवर मिळालेल्या रक्तावर आणि आईच्या बोटांवर.

म्हणून या जिल्ह्यासाठी माझी मागणी अशी. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रसूतिगृहातून निघण्याआधी बाळाच्या टाचेचा थेंब घेतला जावा आणि अहवाल महिन्याच्या आत घरी पोचावा. एसएस निघाले तर त्याच भेटीत औषध सुरू व्हावे, आईला पानथरी दाखवावी, कळ उठली तर कुणाला फोन करायचा तो क्रमांक कार्डावर लिहिलेला असावा, आणि तो उचलणारे कुणीतरी असावे. पहिल्या पाच वर्षांत दर भेटीची नोंद आशाताईंच्या वहीत व्हावी. आशाताईंना या कामाचा मोबदला वेगळा आणि वेळेवर मिळावा.

अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास दिला आहे. मागच्या रांगेत एटापल्ली आणि कोरचीहून आलेल्या ताई आहेत, त्यांची शेवटची बस लवकर सुटते. त्यांचे प्रश्न आधी घेऊ.